काळा-पांढरा खंड्या

जुना प्रिंटर एकदाचा गेला तेव्हा घरात कुणीच हळहळलं नाही. शेवटी शेवटी तो कागद आत ओढायचा, मनासारखा चावायचा आणि परत द्यायचं नाव काढायचा नाही. पण त्याच्या जागी नवा कसला आणायचा, यावरून सून आणि सासरे यांच्यात अशी जुंपली की घरातलं तिसरं माणूस, म्हणजे तिचा नवरा आणि त्यांचा मुलगा, ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागला.

सून फिजिओथेरपिस्ट. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं क्लिनिक होतं. एक उंच खाट, शेकायच्या पिशव्या, भिंतभर आरसा आणि खुंटीला लटकवलेले रबरी पट्टे. कुणाची मान धरलेली, कुणाचा गुडघा रुसलेला. प्रत्येकाला ती घरी करायच्या व्यायामाचा कागद छापून द्यायची आणि वर बजावायची, "हा कागद फ्रिजवर लावा. फ्रिज उघडायच्या आधी व्यायाम."

सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर खाली बघून लोकांच्या जमिनी मोजल्या, त्याची भरपाई म्हणून की काय, निवृत्तीनंतर त्यांना वर बघायचा नाद लागला. कॅमेरा घेऊन ते भल्या पहाटे तळ्यावर जायचे आणि पक्ष्यांचे फोटो काढायचे. फोटो खरंच सुंदर असायचे. फक्त जुना प्रिंटर कागद चावायला लागल्यापासून ते कॅमेऱ्यातच राहायचे आणि बाबांचा जीव त्यासाठी तळमळायचा.

"इंकजेटच घ्यायचा," बाबांनी जाहीर केलं. "रंग म्हणजे रंग. खंड्याच्या पाठीवरचा निळा दुसऱ्या कशावर उतरणार नाही."

"जुना इंकजेटच होता बाबा," सून म्हणाली. "त्याची शाई ओल लागली की पळते. शिवणक्लासच्या बाई घामेजल्या हातात कागद धरून आल्या आणि अंगठा निळा झाला. मला वाटलं रक्त साकळलंय. किती वेळ त्यांचा चांगला अंगठा चोळत बसले होते मी!"

"मग त्यांना बरं वाटलं की नाही?"

"प्रश्न तो नाहीये! लेझरमध्ये शाईच नसते, पूड असते. उष्णतेने कागदावर चिकटते. ओला हात लागला तरी अक्षर जागचं हलत नाही. भराभर छापतो. आणि महिनाभर हात नाही लावला तरी वाळत नाही."

"पण सगळं काळं! आधीच माणसं दुखण्याने कावलेली, त्यात कागद बघावा तर तोही सुतकी."

दोघांनी एकदमच मुलाकडे पाहिलं. तो विमा कंपनीत होता आणि कुणालाच न दुखावणारी वाक्यं बोलण्याचा त्याला सराव होता.

"दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्या दिवशी दोघंही त्याच्याशी बोलेनाशी झाली.

शेवटी तिघं दुकानात गेले. दुकानदाराने हसून पहिलाच प्रश्न विचारला, "घरासाठी हवाय की व्यवसायासाठी?"

"घरासाठी," बाबा म्हणाले.

"व्यवसायासाठी," सून म्हणाली.

"व्यवसाय घरातच आहे," मुलाने खुलासा केला आणि तो पंख्यांच्या विभागाकडे सटकला.

दुकानदार मुरलेला होता. त्याने तोड म्हणून रंगीत लेझर दाखवला. तो कपडे धुवायच्या मशीनएवढा होता.

"हा ठेवायचा कुठे?" सुनेने विचारलं.

"क्लिनिकमध्ये खाट आहे ना? ती काढली तर आरामात बसेल," बाबा म्हणाले.

"आणि पेशंट?"

"ते..." दुकानदाराने प्रिंटरच्या सपाट पाठीकडे विचारपूर्वक पाहिलं. सुनेने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. रोजचं काम क्लिनिकचं आहे, तेव्हा क्लिनिकला हवा तोच घ्यायचा, असं म्हणून तिने काळा-पांढरा लेझर उचलला. घरी येईपर्यंत बाबा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले, जणू काही उरलेल्या आयुष्यात फक्त करडे रस्तेच बघायचे आहेत.

लेझर कामाला मात्र वाघ निघाला. बटण दाबायचा अवकाश, कागद गरमागरम बाहेर. सून खूश. बाबांनी मोठ्या मनाने एक खंड्या छापून पाहिला. कागद त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"छान आलाय की," सून चाचरत म्हणाली.

"कावळा छान आलाय," बाबा म्हणाले. "फक्त चोच कुणीतरी ओढून लांब केलीये."

तिला वाईट वाटलं. पण लगेच पेशंट आला आणि ती गोष्ट तिथेच राहिली. बाबांच्या मनातून मात्र ती हलेना. दोष कागदाचा असणार, असं त्यांनी ठरवलं. साध्या कागदावर खंड्या उतरेल कसा? जुन्या प्रिंटरचे चकचकीत फोटोचे कागद कपाटात पडून होते. त्यावर निदान राखाडीतल्या छटा तरी खुलतील, असा त्यांचा हिशेब.

सून पुढच्या खोलीत बेकरीवाल्यावर उपचार करत होती. हा गडी चांगला आडदांड, पण पिठाच्या पोत्यावरून घसरून खांद्यावर पडलेला. खांदा केव्हाच भरून आला होता, तरी हात कानाच्या वर न्यायची वेळ आली की तो डोळे गच्च मिटून "नाही जमणार, डॉक्टर" म्हणायचा. त्या दिवशीही पाठीखाली शेकायची पिशवी घेऊन तो खाटेवर पडला होता.

पलीकडच्या खोलीत बाबांनी हळूच दार लोटलं, चकचकीत कागद लेझरमध्ये सरकवला आणि बटण दाबलं.

आता लेझरच्या आत एक रूळ असतो आणि तो चांगला तापतो. फोटोच्या कागदावरचा चकचकीत थर असल्या तापासाठी केलेला नसतो. तो वितळला आणि प्रेमाने रुळाला बिलगला. प्रिंटरने घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढला. मग जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि दाराखालून सरळ पुढच्या खोलीत शिरला.

"डॉक्टर," बेकरीवाला नाक आक्रसून म्हणाला, "काहीतरी करपतंय."

"तुम्हाला बेकरीची सवय आहे म्हणून—"

"अहो, माझी पाठ करपतेय! मी पेटलोय!"

तो खाटेवरून उडालाच. दोन्ही हात सरळ आभाळाकडे करून, "पाणी! पाणी!" असं ओरडत तो आरशासमोर जाऊन उभा राहिला आणि मान वळवून आपली पाठ शोधायला लागला. पाठ शाबूत होती. सून धावत आतल्या खोलीत गेली. तिथे बाबा प्रिंटरला टॉवेलने वारा घालत होते.

"जरा गरम झालाय," ते म्हणाले.

तिने आधी प्लग काढला. मग चिडून बाबांच्या हातातला टॉवेल ओढून घेतला. तेवढ्यात बेकरीवाला दारात आला. हात अजून वरच होते.

"डॉक्टर, खाली घेऊ का?"

सुनेने वळून पाहिलं आणि बघतच राहिली. "नका घेऊ!" ती ओरडली. "थांबा! दुखतंय?"

त्याने मान वर करून आपलाच हात दुसऱ्याचा असल्यासारखा न्याहाळला. "नाही की हो."

"भीतीच अडकून बसली होती तुमची. मी इतके दिवस हेच सांगतेय."

बेकरीवाल्याने बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही काय केलंत हो काका?"

"फोटो छापत होतो," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

बेकरीवाला गेला तो गावभर सांगत सुटला की डॉक्टरबाईंपेक्षा त्यांच्या सासऱ्यांची ट्रीटमेंट जालीम आहे. प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याने रूळ बदलला आणि खरवडलेला खंड्याचा तुकडा बाबांच्या हातात ठेवला. बाबांनी सुनेकडे पाहिलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले आणि तो तुकडा खिशात घालून खोलीत गेले. जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आले नाहीत.

सुनेचा राग तेवढ्यावरच निवला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली आणि एक छोटा इंकजेट घेऊन आली.

"हा घरासाठी," तिने तो बाबांच्या टेबलावर ठेवला. "आणि लेझरपासून चार हात लांब राहायचं, कळलं?"

बाबांचे डोळे भरून आले, म्हणून ते माहितीपत्रक वाचायला लागले. त्यात लिहिलं होतं की मधूनमधून छापत राहिलं नाही तर शाई आत वाळून बसते. बाबांनी हा डॉक्टरी सल्ला मानून रोज छापायला सुरुवात केली. खंड्या झाला, तांबट झाला, सातभाई झाले. आधी भिंती भरल्या, मग कपाटाची दारं. मुलाच्या उशीसमोर एक घार आली तेव्हा तो प्रथमच कुणाची तरी बाजू घेऊन म्हणाला, "आता पुरे!"

मग बाबांनी जागा शोधली ती सुनेच्या कागदांवर. व्यायामाचा मजकूर लेझरवर छापून झाला की तोच कागद ते गुपचूप इंकजेटमधून काढायचे आणि कोपऱ्यात पक्षी उतरवायचे. एका पायावर तोल सांभाळायच्या व्यायामाशेजारी बगळा. दोन्ही हात पसरायच्या व्यायामाशेजारी पंख वाळवणारा पाणकावळा. सुनेच्या हे लक्षात आलं ते गणिताच्या बाई आल्या तेव्हा. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याचा व्यायाम त्यांनी आजवर कधी केला नव्हता.

"बगळा रोज करते हो मी," त्या म्हणाल्या. "नातवंडं पण करतात. पुढचा पक्षी कधी देणार?"

सुनेने बाबांकडे रागाने पाहायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. संध्याकाळी तिनेच त्यांच्या दारावर टकटक केली.

"बाबा, मानेसाठी एक हवाय. मान हळूच डावीकडे वळवलेला. पण हनुवटी सरळ पाहिजे, खांदे सैल."

"पक्ष्यांना निरोप देतो," बाबा म्हणाले.

त्यांनी बरेच दिवस पहाटे तळं पालथं घातलं. कुणाची हनुवटी वर, कुणाचे खांदे ताठ. अखेर त्यांना मिळालं ते एक घुबड, सबंध मान उलटी फिरवून थेट पाठीमागे बघणारं. फोटो इतका देखणा आला होता की सुनेच्याने टाकवेना. तिने तो क्लिनिकच्या दाराशी लावला आणि खाली लेझरवर ठसठशीत अक्षरांत छापून चिकटवलं : "असं करू नये."