हात पोचला तिथवर

माझं काम काय असं कुणी विचारलं की मी सांगते, भिंत बघणं. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. आमच्या मावशीने तर एकदा चारचौघांत विचारलं होतं, "म्हणजे पगार घेऊन भिंतीकडे बघत बसतेस? मग आमच्याकडे ये की, चार भिंती आहेत, वर चहाही देईन." सगळे खो खो हसले. मीही हसले, कारण मावशी बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं.

जुन्या सभागृहाची ती लांबलचक भिंत. तिच्यावर नदीकाठ रंगवलेला आहे. खाली काठावर नावेची वाट बघणारी माणसं, मध्ये पाणी आणि नावा, वर टेकड्या, ढग आणि घरी परतणारे पक्षी. दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात मी तिच्या एकेका भागाचे फोटो काढून घेते आणि जुन्या फोटोंशी ताडून बघते. कोपऱ्यात हवेचा दमटपणा मोजणारी यंत्रं आहेत, त्यांच्याकडे डोळे वटारून बघते. भिंतीच्या पायथ्याशी पांढऱ्या कागदाची पट्टी पसरलेली असते. रोज सकाळी गुडघे टेकून, हातात भिंग घेऊन, तिच्यावर रंगाचा कण पडलाय का ते शोधते. भिंतीला बोट लावायचं नाही. कुणी दार उघडं टाकलं की ओरडायचं. बिघाड सुरू व्हायच्या आधीच कळावा आणि शक्यतो होऊच नये, यासाठी ही सगळी उठाठेव.

पण आमच्या बाबतीत ती जरा उशिराच सुरू झाली. चित्राच्या खालच्या भागातला रंग सुटतोय. वाळलेल्या चिखलाच्या खपल्या कडेने उचलल्या जातात ना, तसा. हवा कोरडी झाली की खपल्या आणखी वळतात, दमट झाली की थोड्या बसतात, आणि या उठाबशांत एखादी गळून पडते. कारणही सापडलंय. कुणीतरी वर्षानुवर्षं या भिंतीवर जवसाचं तेल चोळलंय. तेल वाळून त्याची कातडी झाली, ती आता आक्रसतेय आणि आपल्याबरोबर रंगालाही ओढून घेतेय. मोठे तज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी एका कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने नखाएवढं तेल काढून पाहिलं, तर बोळ्यावर तेलाबरोबर रंगही आला. तेव्हापासून आमच्या साहेबांचा हुकूम एकच, हवा सांभाळा आणि नजर ठेवा.

ते कुणीतरी म्हणजे माझे बाबा.

बाबा त्या सभागृहाचे रखवालदार होते. उभा जन्म तिथे गेला त्यांचा. झाडलोट, दारंखिडक्या, किल्ल्या सगळं त्यांच्याकडे, पण जीव भिंतीवर. चित्रातल्या माणसांना त्यांनी नावं पाडली होती. पोट धरून बसलेला तो पोटदुख्या. नावाड्याशी हुज्जत घालणारा तो अतिशहाणा. आणि बाकीच्यांकडे पाठ करून, गाल फुगवून, एकटीच दगडावर बसलेली ती रुसूबाई. लहानपणी मी रुसले की आई म्हणायची, "घ्या, आली तुमची भिंतीवरची." कुणी मोठा पाहुणा येणार असला की बाबा पदरचे पैसे घालून तेल आणायचे, मऊ फडक्यावर घ्यायचे आणि त्या सगळ्यांची तोंडं पुसायचे, जेवल्यावर माझं पुसायचे तशी, हळूच, कानापर्यंत. रंग लखलखायचे. पाहुणे वाहवा करायचे. तेव्हाचे साहेब तर स्वतःहून सांगायचे, "उद्या मंडळी येतायत, जरा तुमचा हात फिरवा." कुणी म्हणजे कुणी त्यांना अडवलं नाही. निवृत्तीच्या दिवशी 'भिंत यांनी जपली' असं भाषण करून त्यांना मनगटी घड्याळ दिलं. ते घड्याळ बाबा अजून रोज पुसतात. मला या सगळ्याचा भयंकर राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

बाबांच्या मनात एकच खंत होती, शिडीची. बाबा तसे ठेंगणे. आई त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. फळीवरचे डबे तीच काढते आणि काढताना एखादा टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. टाचा उचलून हात ताणला तरी बाबांचं फडकं पाण्यातल्या नावांपर्यंतच पोचायचं. स्टुलावर चढून पाहिलं, तर एकदा पडून मनगट मोडलं आणि आईने स्टूल बंद केलं. वरच्या टेकड्या, ढग, पक्षी कायमचे मळकट राहिले. बाबांनी प्रत्येक साहेबाकडे चांगली उंच शिडी मागितली. प्रत्येक साहेब "बघू" म्हणाला.

"लेकाच्यांनी शिडी दिली नाही," असं ते निवृत्तीनंतरही जेवताजेवता मध्येच म्हणायचे.

"शिडीऐवजी मला न्यायचं होतं," आई म्हणायची.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि बाबांचं तिकडे जाणं सुटलं. मला तिथेच नोकरी लागली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. भिंत घरातच राहिली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच विचारायचे, "काय म्हणते माझी भिंत?"

"मजेत."

"आणि रुसूबाई?"

"रुसलेलीच."

यातलं एकही उत्तर खरं नव्हतं. रुसूबाईचा फुगलेला गाल एका सकाळी मला कागदाच्या पट्टीवर सापडला. मऊ कुंचल्याने उचलून मी तो डबीत ठेवला. परत जागेवर बसवायची मला परवानगी नव्हती आणि बसवला असता तरी धरून ठेवायला खाली काही उरलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तेल कुणाचं, तेही सांगितलं. आईचा भांडं घासणारा हात थांबला.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली.

"कधीतरी कळेलच ना, आई."

"कळेल तेव्हा कळेल. आपल्या तोंडून नको. आयुष्यभर एकच गोष्ट चांगली केली असं वाटतंय त्यांना. ती तरी राहू दे."

मग सभागृह लोकांसाठी बंद करायचं ठरलं. माणसांच्या श्वासाने, ओल्या कपड्यांनी आतली हवा सारखी खालीवर होते. दारं लावून घेऊन ती एकसारखी ठेवायची, एवढंच आता आमच्या हातात होतं. बातमी बाबांनी पेपरात वाचली आणि जाहीर केलं, "बंद व्हायच्या आधी एकदा बघून येतो."

मी पायऱ्यांचं कारण पुढे केलं. "त्या पायऱ्या मी तुझ्या जन्माआधीपासून चढतोय," बाबा म्हणाले. आईने थंडीचं निमित्त काढलं. "स्वेटर आहे," बाबा म्हणाले. चार दिवस हे चाललं, मग मी कट रचला. छताच्या दिव्यांचा उजेड भिंतीवर समोरून पडतो, त्यात खपल्या फारशा दिसत नाहीत, आणि बाबांची नजरही आता अधू झालेली. फोटोग्राफर दुपारी येणार होता. बाबांना सकाळीच न्यायचं, सगळे दिवे लावायचे, भिंतीपुढे बांधलेल्या दोरीच्या अलीकडे खुर्चीवर बसवायचं, आणि दहा मिनिटांत घरी. रुसूबाईसमोर आदल्या दिवशी मी दमटपणा मोजायचं एक यंत्र तिपाईवर आणून ठेवलं, तिचं तोंड बरोबर झाकलं जाईल असं. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा खूश होते.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट, स्वेटर आणि घड्याळ घालून तयार. खिशात घडी केलेलं स्वच्छ फडकं.

"ते कशाला, बाबा?"

"असू दे. सवय आहे."

पायऱ्या त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकून, दर तिसऱ्या पायरीला थांबत चढल्या. मी दार ढकललं, तर आत काळोख. फक्त एक दिवा, भिंतीला लागून, एका बाजूला. पलीकडे कॅमेऱ्यामागे आमचा फोटोग्राफर. दुपारी त्याला दुसरं काम निघालं होतं, म्हणून पठ्ठ्या सकाळीच हजर झाला होता.

"दिवे लावा आधी," मी म्हणाले.

"ताई, एक मिनिट! दार लावा आणि आहात तिथेच थांबा. फोटो चालू आहे, जमिनीच्या फळ्या हलल्या तर सगळा वाया जाईल." मग आणखी म्हणाला, "आणि तुमचं ते यंत्र मध्ये येत होतं, बाजूला ठेवलंय."

फोटो चालू असताना कुणी पाऊल उचलायचं नाही, हा नियम माझाच. बाबा तर जागच्या जागी उभे राहिले. सभागृहातला नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

तो दिवा मुद्दाम आडवा लावतात. त्या उजेडात भिंतीवरच्या बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते, काही म्हणजे काही लपत नाही. खालचा सगळा काठ खवल्याखवल्यांचा दिसत होता. त्यातून अर्धगोल फटकारे गेलेले, एकाला लागून एक, ओल्या फडक्याने टेबल पुसल्यावर उमटतात तसे. पोटदुख्याचं डोकं गेलेलं. रुसूबाईच्या गालाच्या जागी पांढराफटक चुना.

फोटोग्राफरला गप्प बसण्याचा आजार कधी झालेला नाही. "काका, पहिल्यांदाच आलात का? एक गंमत दाखवतो. ते गोल गोल दिसतायत ना? कुणा महाभागाने वर्षानुवर्षं तेल चोळलंय इथे. हात कसा फिरलाय बघा. उजव्या हाताचा माणूस, आणि बुटका."

मी जोरात खाकरले.

"ताई, हलू नका ना."

"कोणतं तेल?" बाबांनी विचारलं.

"जवसाचं, म्हणतात."

"चांगलं तेल होतं ते," बाबा म्हणाले.

फोटोग्राफर हसला. त्याला तो विनोद वाटला. "चांगलं असेल हो, पण भिंतीला बाधलं. रंग सुटतोय तो त्यानेच."

"पुसून काढता येत नाही?"

"रंगासकट निघतं."

"मग आता काय करायचं?"

"काय करणार? बघायचं. ताई तेच तर करतात."

मला ओरडावंसं वाटत होतं, गप्प बस रे बाबा, गप्प बस. पण ओरडून काय होणार होतं? डोळ्यांसमोर सगळं होतं.

"आणि वरचं?" बाबांनी विचारलं. आवाजात थोडी आशा होती, ती मला ऐकवेना. "वर तर कधीच कुणी पुसलं नाही. ते आणखी खराब झालं असेल."

"छे! वरचं ठणठणीत आहे. नुसती धूळ, खाली रंग जसाच्या तसा. तिथवर त्याचा हात पोचला नाही ना, म्हणून वाचलं. झालं बघा, आता हला खुशाल."

बाबा दोरीपर्यंत चालत गेले. उजवा हात हळूहळू वर नेला आणि टाचा उचलायला गेले. गुडघ्यांनी ऐकलं नाही, तरी हात ताणून ते तसेच उभे राहिले. भिंतीवर फटकारे संपत होते, तिथे. फोटोग्राफरने त्यांच्या हाताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, माफ करा, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्ही तुमचं काम करा," बाबा म्हणाले आणि हात खाली घेतला.

परत येताना टॅक्सीत त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या वर्षापासून."

"आणि तुझ्या आईला?"

"तिलाही."

"मग रोज मजेत म्हणायचीस ते?"

"साहेबच सांगायचे ना तुम्हाला, हात फिरवा म्हणून!" मी एकदम बोलले. "त्यांनी थांबवायला हवं होतं. तुमचा काय दोष?"

"हात माझा होता," बाबा म्हणाले.

मला रडू फुटलं. एरवी त्यांनी लगेच खिशातलं फडकं काढून माझ्या हातात दिलं असतं. तेव्हा त्यांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मी बाहीने डोळे पुसले.

संध्याकाळी आईने माझ्याकडे पाहिलं आणि पानं वाढली. बाबा जेवायला बसले, पण घास काही तोंडात जाईना. आईने फळीवरचा डबा काढला, आणि टोमणा मारला नाही. मी बाबांना काहीतरी सांगायला हवं होतं. त्यांचं वाईट वाटणं थोडं तरी कमी होईल असं काहीतरी. पण भिंतीसारखंच त्यांच्याकडेही मला नुसतं बघता येत होतं.

"सगळ्यांकडे मागितली होती मी शिडी," बाबा पानाकडे बघत म्हणाले.

"हो, बाबा."

"एकाने जरी दिली असती, तर पक्षीसुद्धा गेले असते."

आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "लेकाच्यांनी दिली नाही."