पावडरीवरची लाल रेघ

ठमीला कडेवर घेऊन शेडचं दार ढकललं, तेव्हा गाडीखालचा डाग मला पहिल्यांदा दिसला. लाल, पातळ, बशीएवढा. गाडी म्हणजे आमचं फिरतं घर. आत दोन पलंग, एक शेगडी, हातभर ओटा. सासूबाई गेल्यापासून ते ताडपत्रीखाली उभंच होतं. आता नवऱ्याला सोमवारी लांबच्या गावी कामावर रुजू व्हायचं होतं आणि तिथे खोली मिळेपर्यंत आम्ही तिघं या गाडीतच राहणार होतो. गाडी निघाली नाही, तर तो एकटा जाणार. मी न् ठमी इथेच, आणि कधीपर्यंत ते कुणी सांगावं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, बसडेपोतले जुने मिस्त्री. पाठीवर सरकत गाडीखाली गेले, बोट बुडवून वास घेतला. "गिअरबॉक्सचं तेल. पण कुठून येतंय ते कळेना, सगळंच माखलंय."

"ठमीला पुरळ आलं की मी आधी पुसून कोरडं करते, मग बघते," मी म्हटलं.

"मग गाडीला पावडर लावू म्हणतेस?"

"लावा की."

हसले, पण डबा मागून घेतला. पुसलेल्या लोखंडावर ठमीची पावडर भुरभुरली, खाली तिचा धुतलेला लंगोट अंथरला. सकाळी पावडरीत एकच लाल रेघ उतरली होती, गिअरचा दांडा आत शिरतो तिथून.

"रबरी सील सुकलंय दांड्याचं. उभ्या गाडीचं होतं असं," बाबा म्हणाले आणि माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी तेल बघायची पट्टी ओढली. तेल खुणेच्या कितीतरी वर. "जास्त भरलंय कुणीतरी. ओसंडणार नाही तर काय?" त्यांनी खुणेपर्यंत तेल काढून टाकलं. नवऱ्याने गाडी सुरू केली. इंजिन ओरडलं, गाडी हातभर सरकली आणि कुणी मागून पदर धरावा तशी जागीच राहिली. पुन्हा तेच.

"आतलं गेलंय," बाबा हात पुसत म्हणाले. "पुरा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. महिना तरी धरा."

नवरा खाली उतरला. "मी पुढे होतो. तुम्ही या मागाहून." इतक्या मऊ आवाजात, की मला रागावताही येईना.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. आदल्या दिवशीच बाबा ठमीला मांडीवर नाचवत म्हणाले होते, "ही गेली की घर खायला उठेल मला." असं काही मनात आणलं म्हणून माझीच मला लाज वाटली, पण ते जाईना.

दुपारी ठमी झोपल्यावर मी शेडमध्ये गेले. बाबा उलट्या बादलीवर बसले होते. मी विचारलं, "आई होत्या तेव्हा तेल कोण बघायचं?"

"मीच. ती वर बसायची, स्टिअरिंग धरून. बंद कर म्हटलं तरी इंजिन बंद करायची नाही. डिझेल जळतंय म्हणून मी खालून बोंबलतोय, आणि ही म्हणायची, ऐकू येत नाही. दर वेळी तेच नाटक..."

बोलता बोलता ते थांबले. त्यांची नजर गाडीकडे गेली.

"बसचं तेल इंजिन बंद करून बघतात," ते हळू म्हणाले. "जन्मभर तेच केलं. हिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. उभी राहिली की पुढच्या फुगीर भांड्यातलं तेल खाली उतरतं, तळात जास्त दिसतं. चालू केली की परत वर ओढलं जातं, म्हणून चालू असतानाच बघायचं. तेल जास्त नव्हतंच, पोरी. मीच काढून टाकलं."

"म्हणजे आईंना माहीत होतं?"

"कधी विचारलं नाही. नुसता भांडलो."

बाबा आठवत नाही म्हणाले असते, तर मी न् ठमी इथेच राहिलो असतो. ते उठले. "बस वर. चालू कर. आणि मी ओरडलो तरी बंद करू नकोस."

सीट अजून आईंच्या मापाने पुढे ओढलेली होती, नवऱ्यानेही ती मागे सारली नव्हती. माझे पाय बरोबर पोचले.

"पट्टी कोरडी ठाक," खालून आवाज आला. मग नरसाळ्यातून नवं तेल, थोडं थोडं, मधेमधे पट्टी बघत. "ब्रेक सोड आता. हळू."

गाडी गुणी लेकरासारखी शेडबाहेर आली. नवरा ठमीला खांद्यावर घेऊन धावत आला. मला हसू यायला हवं होतं. आरशात बाबा दिसले, वाकून लंगोट उचलताना. घडी करून तो त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिला.

"सील जुनंच आहे. फार दिवस उभी राहिली की गळणार. चालवत राहा."

"तुम्हीही चला ना, बाबा."

"दोन पलंगांत मी कुठे मावतो? आणि तो डाग कोण पुसणार?" त्यांनी दारावर हात ठेवला. "बंद कर आता. डिझेल जळतंय."

"ऐकू येत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. हात मात्र दारावरून काढला नाही, आणि मी इंजिन तसंच चालू ठेवलं.