खिडकी सोडून

विश्राम ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. १९५५च्या गणेशोत्सवासाठी कल्याणात नाटक बसवायला घेतलं, तेव्हाही त्यानं आधी नकाशाच काढला. कुणी कुठं उभं राहायचं, कुठल्या वाक्यावर वळायचं, सगळं ठरलेलं. घर सोडून जाणाऱ्या मुलाचं काम आनंदकडे होतं, आईचं प्रमोदिनीबाईंकडे.

"मुलगा निघाला की तुम्ही खिडकीपाशीच थांबायचं. पाठमोऱ्या," विश्रामनं त्यांना महिनाभर बजावलं.

प्रयोगात प्रमोदिनीबाई खिडकी सोडून धावल्या. दारात त्यांनी आनंदचा सदरा धरला. आनंद वाक्यच विसरला आणि सदरा सोडवता सोडवता खरोखर रडला. मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही.

विंगेत विश्राम संतापला होता आणि त्याच्या अंगावर काटाही आला होता.

ठाण्याच्या प्रयोगाआधी त्यानं नकाशा बदलला. "आनंद उंबऱ्याशी पोचला की धावा. अगदी तसंच."

त्या धावल्या. टाळ्या पडल्या. विश्राम मात्र विंगेत नुसता येरझारा घालत होता.

"काय कमी पडलं हो?" पडदा पडल्यावर त्यानं विचारलं.

"कमी काही नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण आज आनंद थांबणार, हे मला ठाऊक होतं."

त्यानंतर कारखान्यात त्याच्या हातून एक रेघ धड निघेना. नाटक मोकळं सोडावं? पण कल्याणला ते धावणं भिडलं, ते महिनाभर खिडकीशी बांधून ठेवल्यामुळेच ना?

डोंबिवलीच्या प्रयोगाआधी त्यानं दोघांना बोलावलं. "बाकी ठरल्याप्रमाणे. त्या जागी मी काही सांगणार नाही."

"अहो, मग मी काय करू?" आनंद घाबरला.

"तुला घर सोडायचंय. एवढंच."

प्रयोगात प्रमोदिनीबाई खिडकीपाशीच राहिल्या. आनंद दाराशी गेला, कडीला हात लावला आणि तिथंच घुटमळला. मग मागं वळून "आई" म्हणाला. हे नाटकात कुठंच नव्हतं.

पडद्याची दोरी धरलेला गुणाजी कुजबुजला, "ओढू का?"

"थांब." विश्रामला पुढचं काहीच माहीत नव्हतं.

प्रमोदिनीबाईंनी वळून पाहिलं नाही. "जा," त्या म्हणाल्या, "ऊन चढेल."

आनंद गेला. विश्रामनं हात केला, गुणाजीनं पडदा ओढला.

"पुढच्या खेपेला हेच ठेवायचं ना?" गुणाजीनं विचारलं.

"ते मला विचारू नकोस," विश्राम म्हणाला, आणि पुन्हा येरझारा घालू लागला.