बाबांच्या बादल्यांमधला बर्फ

अगं ऐक ना! बाबांना जाऊन पाचच दिवस झाले होते, आणि मेपलच्या झाडांना त्यांनी टांगलेल्या नऊ बादल्यांमध्ये ठिबकलेला गोड रस, जो उकळून आम्ही पाक करतो, तो गोठला. वर जाड बर्फ, खाली थोडासा रस. शेजारचे फेर्नांकाका म्हणाले, "वहिनी, बर्फ टाकून द्या. ते नुसतं पाणी, गोडी खालच्या रसात."

आई बादलीवर हात ठेवून उभी. "माझ्या रेजाँनी टांगल्यात. एक थेंब टाकायचा नाही."

"अहो, चुलीला लाकडं एका दिवसाची उरलीत! बर्फ वितळवत बसलात तर पाक कुठला, कोमट पाणी प्याल!"

मला काकांचं पटत होतं. बाबांचा शेवटचा पाक होता तो, वायाच गेला असता! पण आईला सांगणार कोण? मग मी बर्फाचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "चाखून बघ."

तिने तो बराच वेळ तोंडात धरला. "काहीच लागत नाही गं."

मग मी खालचा रस चमचाभर दिला. तो घेतला आणि ती रडायलाच लागली.

नंतर तिनेच एकेका बादलीतला बर्फ काढून त्या त्या झाडाच्या बुंध्याशी हळूच ठेवला. काका चूल पेटवायला गेले.