तिसरी हाक

दगडाच्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी मुकादम हजेरी घ्यायचा. त्याला कागद लागत नसे. भोंगा वाजला की सगळे वर पत्र्याच्या आडोशाला गोळा व्हायचे आणि मुकादम एकेकाला त्याच्या खाणीतल्या नावाने हाक मारायचा. ज्याची हाक त्याने ‘आहे’ म्हणायचं. सगळ्यांचं ‘आहे’ आलं की मगच बटण दाबायचं.

माणसाला एखादी गोष्ट रोज करायला लावली की ती डोक्यातून उतरून अंगात जाते, आणि अंगाला कुठे काय कळतं! हजेरीचं तसंच झालं होतं. सुरुंग उडाल्याशिवाय जेवणाची सुट्टी नाही, त्यामुळे त्या वेळी प्रत्येकाच्या पोटात कावळे ओरडत असायचे. कुणी जांभई देत ‘आहे’ म्हणायचं, कुणी खोकत. लंबू तर कायमचा उशिरा येणारा. हात धुवायला गेला की तिकडचाच व्हायचा. मग त्याच्या वतीने ड्रिलवाला ‘आऽऽहे’ म्हणायचा, अगदी लंबूच्याच नाकातल्या, लांबलचक आवाजात. बाकीचे फिदीफिदी हसायचे आणि तेवढ्यात लंबू खरंच येऊन टेकायचा. मुकादमाला म्हातारपणामुळे कमी दिसायचं, त्याची सगळी भिस्त कानांवर. आणि लंबू म्हणजे ड्रिलवाल्याच्या सख्ख्या ताईचा नवरा. मेहुण्याने दाजींची नक्कल करायची नाही तर कुणाची करायची?

त्या दिवशी लंबू हात धुवायला गेला नव्हता. विसरलेला स्वेटर आणायला तो पुन्हा खाली खाणीत उतरला होता. ‘आऽऽहे’ मात्र वेळेवर आलं, आणि बटण दाबलं गेलं.

मालकाच्या माणसांनी सगळं खापर मुकादमाच्या डोक्यावर फोडलं. तो बिचारा एकच पालुपद लावून बसला, “मी हाक मारली होती. त्याने ‘आहे’ म्हटलं. या कानांनी ऐकलं मी.”

“खाली खड्ड्यात असलेला माणूस तुमच्या कानाशी येऊन कसा बोलला?” त्यांच्यातल्या साहेबाने विचारलं. जे हसले होते ते सगळे मूग गिळून बसले. हसण्याचा वाटा कोण कबूल करणार? मुकादमाला कामावरून काढून टाकलं. संध्याकाळी तो ताईच्या दारात आला, तर ताईने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. “माझं घर उजाड केलंत, आता बघायला आलात?” म्हणाली. तेव्हा दार धरून उभा होता तो ड्रिलवालाच. म्हाताऱ्याच्या तोंडावर ते दारही त्यानेच लावलं. तोंड उघडलं तर ताई कायमची तुटेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आई गेल्यावर त्याला हाताने भरवून वाढवलं होतं ते या ताईने. लहानपणी तो आल्यागेल्याच्या नकला करायचा म्हणून ती त्याला पोपट म्हणायची, आणि घरी पाहुणे आले की हळूच त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबूला मूठमाती द्यायला सगळे जमले. त्यांच्या रीतीप्रमाणे पेटी खड्ड्यात उतरवली होती. गुरुजींनी समजावून सांगितलं, “आता मी तीन हाका मारणार. रोज ज्या नावाने मारायचे त्याच नावाने. कुणी काही बोलायचं नाही. तिसऱ्या हाकेनंतर घरच्या पुरुषाने पहिली मूठ टाकायची.” घरचा पुरुष म्हणजे ड्रिलवालाच.

“हाका कशाला?” ताईने विचारलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “त्यांना काय ऐकू येणार आहे आता?”

“त्याच्यासाठी नाही, बाई. आपल्यासाठी. उत्तर येत नाही हे आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय मन मानत नाही.”

मुकादम लांब फाटकापाशी उभा होता. त्याला जवळ बोलावण्याची कुणाची हिंमत नव्हती.

“लंबू!” गुरुजींनी पहिली हाक मारली. ड्रिलवाल्याने दातांखाली जीभ धरली.

“लंबू!” गुरुजींनी मुकादमासारखंच नाव ओढलं होतं. ड्रिलवाल्याला पत्र्याचा आडोसा दिसला, भूक आठवली, सगळ्यांचं हसणं आठवलं. ताई मान तिरकी करून ऐकत होती. वेडी आशा होती ती, पण होती.

“लंबू!”

“आऽऽहे.”

नाकातला, लांबलचक आवाज. हुबेहूब. ते त्याने ठरवून केलं की जीभ आपसूक वळली, हे त्याला पुढे जन्मभर सांगता आलं नाही. ताई खड्ड्याकडे झेपावली, आणि अर्ध्यात थांबून मागे वळली. तिने भावाचं तोंड पाहिलं.

“हाच!” फाटकापासून मुकादम ओरडला. “हाच आवाज! मी खोटं बोललो नव्हतो!”

ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “त्या दिवशीसुद्धा तूच?” तिने भावाला विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली. “ताई, मला वाटलं दाजी हात धुवायला...”

“पुरे.”

गुरुजी गोंधळून गेले होते. “उत्तर आलं की विधी मोडतो. पहिल्यापासून करावं लागेल.”

“करा,” ताई म्हणाली. ती भावाशेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. लहानपणी ठेवायची तसा हळू नव्हे. त्याचे ओठ दातांवर रुतले.

गुरुजींनी पुन्हा हाका मारल्या. पहिली गेली, दुसरी गेली. तिसऱ्या हाकेला तिच्या तळव्याखाली त्याचा श्वास गरम झाला, तिने हात आणखी दाबला. कुठूनही उत्तर आलं नाही. ते न आलेलं उत्तर ताईने डोळे मिटून ऐकलं. मग तिने हात काढून पदराला पुसला.

ड्रिलवाला मातीसाठी खाली वाकला, तेव्हा तिने त्याचा दंड धरून त्याला उभं केलं.

“मुकादम,” तिने हाक मारली, “या इकडे. पहिली मूठ तुम्ही टाका.”

म्हातारा अडखळत पुढे आला. त्याला वाट द्यायला ड्रिलवाला बाजूला सरकला.