फळीआड

रडण्यात बिंदो रंगाऱ्याचा हात धरणारा इटलीतल्या सगळ्या बोलोन्या शहरात कुणी नव्हता. दर शुक्रवारी त्याच्या धार्मिक बंधुमंडळातले भाऊ गुडघे टेकत आणि मंडळाचे प्रमुख, म्हातारे लाम्बेर्तो सांगत, "डोळे मिटा. क्रूसाखाली जा, त्या आईच्या शेजारी उभे राहा. तिच्या लेकाच्या हातातले खिळे बघा." बाकीच्यांचे डोळे नीट मिटायच्या आतच बिंदोच्या गालांवरून धारा लागलेल्या असत. लोक कौतुक करत आणि त्याला ते आवडे. आसवांचाही माणसाला माज चढतो, देव क्षमा करो.

मंडळाचं काम मात्र अवघड होतं. फाशी जाणाऱ्याला शेवटची सोबत करायची. आपल्या तोंडावर बुरखा ओढायचा आणि एक रंगवलेली फळी त्याच्या डोळ्यांपुढे धरून शेवटपर्यंत बरोबर जायचं. फळीवर क्रूसावरचा ख्रिस्त आणि खाली शुद्ध हरपलेली त्याची आई मारिया. फाशीचा खांब, गर्दी, घरचं माणूस, यातलं काही म्हणजे काही त्याला दिसता कामा नये. शेवटच्या क्षणी जीव संसाराकडे वळला की आत्मा बुडालाच, असं लाम्बेर्तो बजावत. या खेपेला फळी बिंदोकडे होती.

फाशीच्या आदल्या दिवशी गिझोला त्याच्या दुकानात आली. ही विधवा धोबीण, लोकांचे कपडे धुऊन तिनं एकुलत्या एका नान्नेला वाढवलं होतं. त्या नान्नेनं जुगाराच्या भांडणात एकाला सुरी मारली होती.

"बिंदोदादा, उद्या एकदा ती फळी बाजूला करा. त्याला मी दिसू दे. मी रडणार नाही, शपथ घेते."

"काकू, शहाण्या ना तुम्ही? तुम्ही दिसलात की पोरगं ढासळेल. देव राहील बाजूला, मनात तुम्हीच. मग नरक चुकत नाही. तुमच्याच मायेनं त्याला तिथं ढकलायचंय का?"

ती रंगाच्या हंड्यात भिजत पडलेल्या लोकरीकडे बघत राहिली.

"नाही हो," ती म्हणाली. "तसलं काही नको व्हायला."

ती गेली. आपण भलं केलं असं बिंदोला वाटलं.

सकाळी गळ्यात दोर घेऊन नान्ने फाशीच्या खांबाची शिडी चढला. शेजारच्या शिडीवर बिंदो, फळी नान्नेच्या नाकासमोर.

"बघ रे बाळा, त्याच्या जखमा बघ. तुझ्यासाठीच सोसल्यात."

"बघतोय, काका. ही आई अशी पडलीय का?"

"दुःखानं."

"माझी नसती पडली. पाय रोवून उभी राहिली असती आणि मला शिव्या घातल्या असत्या." नान्ने हसायला गेला. "आलीय का हो ती?"

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हा मंडळाचा नियम. बिंदोनं चित्रातल्या मारियेकडे पाहिलं. इतकी वर्षं जिच्यासाठी आपण रडलो, तिच्या आणि तिच्या लेकाच्या मध्ये कुणी फळी धरली नव्हती, हे त्याला आज पहिल्यांदा सुचलं. त्यानं फळी खाली घेतली.

गर्दीत अगदी पुढे एक हिरवी शाल होती. तिचा एक कोपरा रंगवताना जास्तच गडद झाला होता. शाल बिंदोच्याच हातची. बाई ताठ उभी होती, पण शाल तिनं डोक्यावरून पार हनुवटीखाली ओढून घेतली होती.

"आईच ती," नान्ने म्हणाला. "मग तोंड का झाकलंय? लाज वाटते काय तिला माझी?"

"नाही रे, नाही! काकू! गिझोलाकाकू! शाल काढा! वर बघा!"

शाल हलली नाही. जल्लादानं नान्नेच्या पायाखालची शिडी ओढली.

गर्दी पांगल्यावर गिझोला बिंदोजवळ आली. शालीचा कडेचा भाग चावून ओला झालेला होता.

"मी त्याला दिसले नाही हं, दादा. कुणीतरी हाका मारत होतं, जीव नुसता तुटत होता, पण तुमचं बोलणं आठवलं. दातांत शाल धरून उभी राहिले." तिनं त्याच्या बुरख्याच्या भोकांत पाहिलं. "शेवटी त्याच्या डोळ्यांपुढे देवच होता ना?"

बिंदोच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"हो, काकू. देवच होता."

तिनं त्याचा फळी धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर ओठ टेकले.