जिन्याखालची बीएसए

ती मोटारसायकल एकदा सुरू झाली असती, तर चिंतामणी पोंक्षेच्या पदरात बरंच काही पडणार होतं. मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं, हा पहिला फायदा. सरोजिनीचा हा भाऊ दादरला हिंदू कॉलनीत राहायचा, नवी स्कूटर उडवायचा आणि दर दिवाळीला विचारायचा, "काय चिंतामणराव, अजून ट्रामच का?" शिवाय विमा कंपनीतल्या साहेबाला आपल्या कारकुनाचं नाव कळलं असतं. सरोजिनीला मागे बसवून वरळीच्या समुद्रावर नेता आलं असतं. आणखी एक लाभ होता, पण तो चिंतामणीने स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितला नव्हता. मुगभाटातल्या चाळीतून फटफटी धडधडत निघेल तेव्हा गॅलरीतली माणसं वाकून बघतील, आणि त्यांत तिसऱ्या मजल्यावरचे, चाळीत ज्यांचा शब्द चालतो ते नाना सबनीस असतील.

गाडी चौतीस सालची बीएसए. परळला एका पारशी डॉक्टरच्या बंगल्यामागे पडून होती, सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. डॉक्टर वारल्यावर त्याच्या बायकोने ती घेऊन जाणाऱ्याचे आभार मानले. चिंतामणीने ती ढकलत गिरगावात आणली, चाळीच्या जिन्याखाली लावली आणि तिथून पुढे त्याचे सगळे रविवार तिने खाल्ले. गंज खरवडता खरवडता खालचा मूळ हिरवा रंग निघाला, त्या दिवशी तो जेवायला वर गेला नाही. सरोजिनी ताट घेऊन खाली आली आणि म्हणाली, "हिच्याशीच लग्न करायचं होतं. स्वयंपाक तरी वाचला असता माझा."

पण मागची सीट त्याने तिच्यासाठीच आखली होती. साहेबी सीट दोन बाजूंना पाय टाकून बसण्याची. चिंतामणीने ती काढून एका बाजूला बसता येईल अशी रुंद सीट बसवली, पायाला पट्टी दिली, पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी केली. सीटच्या खाली दिव्याच्या बॅटरीसाठी लोखंडी चौकट स्वतः कापून, कानशीने घासून तयार केली. ही चौकट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. येणारे-जाणारे लवकर जायला लागले.

आता चाळीचा रिवाज असा, की दोन खोल्यांत जे मावत नाही ते शेजाऱ्याकडे राहतं. कुणाच्या माळ्यावर कुणाच्या लग्नातली भांडी, कुणाच्या पलंगाखाली कुणाची ट्रंक. "राहू दे हं तुमच्याकडे" एवढं म्हणायचं, की झालं. जिन्याखालच्या सुट्या भागांना भंगारवाल्याचे पाय फुटू नयेत म्हणून चिंतामणीने गाडी अशीच बिऱ्हाडांत वाटून टाकली. पेट्रोलची टाकी आनंदीबाईंच्या माळ्यावर. चाकं जिन्यासमोरच्या मास्तरांच्या भिंतीला. कार्ब्युरेटर स्वतःच्या देव्हाऱ्याखाली. बॅटरी नानांकडे, कारण नानांची खोली कोपऱ्यातली आणि कोरडी.

राहिलं बॅटरीचं ॲसिड. घरात रांगतं मूल, म्हणून सरोजिनीने उंबऱ्यातच अडवलं. मग काचेच्या बुचाची ती तपकिरी बाटली शेजारच्या राधाबाई मयेकरांकडे गेली. राधाबाई विधवा. घरात त्या आणि त्यांचा मुलगा वसंत, जो गोदीत नुकताच कारकुनीला लागला होता.

"औषध आहे," चिंतामणी म्हणाला. "मोरीच्या वरच्या फळीवर राहू दे. हात लावू नका."

"कसला औषध?"

"गाडीचं."

"गाडीक पण औषध? बरा आसा हां," राधाबाई म्हणाल्या आणि बाटली शिकेकाईच्या डब्याशेजारी ठेवून मोकळ्या झाल्या. ॲसिड हा शब्द चिंतामणीने उच्चारला नाही. उच्चारला असता तर बाटली परत आली असती, म्हणून.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं रेडिओवर ऐकलं आणि गिरगाव पेटलं. मोर्चे, अश्रुधूर, गोळीबार, मग संचारबंदी. नाना सबनीस पेन्शनीत निघालेले, भाडेकरू मंडळाचे अध्यक्ष. ते रोज गॅलरीत उभे राहून चाळीला भाषण द्यायचे. "पहिली गोळी ह्या छातीवर घेईन!" चाळ टाळ्या वाजवायची. गोळी मात्र रस्त्यावर लागत होती, आणि नाना तिसऱ्या मजल्यावर होते.

अशाच एका दुपारी नाक्यावरच्या कुठल्याशा गच्चीवरून पोलिसांच्या गाडीवर ॲसिड भरलेला विजेचा बल्ब पडला. एका शिपायाचा हात भाजला. थोड्याच वेळात चाळीच्या फाटकातून बुटांचा आवाज आत आला.

चाळीला काही सांगावं लागलं नाही, आणि घोटाळा इथेच झाला. ज्याच्या-त्याच्या घरात चिंतामणीचं लोखंड होतं आणि ते काय म्हणून दाखवायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आनंदीबाईंनी टाकी कोळशाच्या पोत्यात पुरली. मास्तरांनी चाकांवर सतरंज्या घातल्या. माणसं चांगली होती, चिंतामणीला वाचवत होती. झडती घेणाऱ्याला मात्र दर घरात लपवलेलं लोखंड सापडत गेलं.

फौजदार तरुण होता, मराठीच होता आणि फार थकलेला होता. त्याचा हवालदार राधाबाईंच्या मोरीतून बाटली घेऊन बाहेर आला. बूच काढून त्याने एक थेंब फरशीवर टाकला. फरशी फसफसली.

त्याच वेळी दुसरा शिपाई वसंताला दंडाला धरून वर घेऊन आला. संचारबंदीत तो मागच्या बोळातून चाळीत शिरताना सापडला होता.

"कुठे होतास?" फौजदाराने विचारलं.

"इथेच. खाली."

"खाली कुठे? कुणाबरोबर?"



"माझ्या झिलान काय एक करूक नाय, साहेब," राधाबाई म्हणाल्या. "ता औषध आसा. गाडीचा औषध."

"कोणत्या गाडीचं, बाई?"

राधाबाईंनी चिंतामणीकडे पाहिलं.

चिंतामणीने हिशेब केला, कारण दुसरं काही त्याला लवकर करता येत नव्हतं. बोललो तर नोकरी जाते. कोठडी पाहून आलेल्या कारकुनाला विमा कंपनी टेबलाशी बसू देत नाही. नाही बोललो तर वसंता जातो, आणि ॲसिड टाकणारा म्हणून जातो. हिशेबाचं उत्तर स्वच्छ होतं आणि ते वसंताच्या विरुद्ध होतं. चिंतामणीचं नाव अजून कुणी घेतलेलं नव्हतं. मूल कडेवर घेतलेल्या सरोजिनीने त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "अहो. ती बाटली आपली आहे."

सगळ्या गॅलरीने ऐकलं.

"आमची आहे," चिंतामणी म्हणाला. "बॅटरीचं ॲसिड. मी मोटारसायकल दुरुस्त करतो. हौस म्हणून."

"दाखवा."

"ती... सुटी आहे."

"मग जोडा," फौजदार म्हणाला आणि खाली उतरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. "मला आज घाई नाही. ह्या पोराला आहे."

तेव्हा चाळीने लपवलेलं एकेक बाहेर काढलं. आनंदीबाईंनी कोळशाने काळी झालेली टाकी पदराने पुसत आणली. मास्तर चाकं घेऊन आले. चिंतामणीने कधी नव्हे इतक्या लोकांसमोर काम केलं. पाना नटावर बरोबर बसत होता. साखळी चढवताना फौजदार उठून जवळ आला, सीट पाहिली, जाळी पाहिली.

"ही कशाला?"

"पदर अडकू नये म्हणून."

फौजदाराने बोटाने जाळी ताणून पाहिली. "चांगली कल्पना आहे," तो म्हणाला, आणि चिंतामणीला रडू यायचं बाकी राहिलं. इतक्या महिन्यांत हे म्हणणारा हा पहिला माणूस, आणि तो आला होता बेड्या घेऊन.

घरातली पेट्रोलची बाटली त्याने स्वतःच आणून टाकीत ओतली. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. वसंता दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. चिंतामणीचा सदरा पाठीला चिकटला. कार्ब्युरेटरवर बोट दाबून त्याने पेट्रोल वर येऊ दिलं आणि सगळं अंग टाकून पाय दाबला.

बीएसए खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली.

चाळीत तो आवाज असा घुमला की रस्त्यावरचा पहारेकरी बंदूक सावरत आत धावला. गॅलरीत माणसं वाकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. राधाबाईंनी हात जोडले. चिंतामणी क्षणभर सगळं विसरला. त्याने वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. नाना बघत होते.

फौजदाराने हात वर केला. इंजिन बंद झालं.

"छान चालते," तो म्हणाला. "बॅटरीशिवाय चालते. मॅग्नेटोची गाडी आहे, ठिणगी स्वतःची स्वतः बनवते. मग ॲसिड कशाला लागतं?"

"दिव्यासाठी. ही चौकट बघा. इथे बॅटरी बसते."

"बॅटरी कुठे आहे?"

चिंतामणीने तिसऱ्या मजल्याकडे तोंड केलं. "नानांकडे. नाना, बॅटरी द्या हो खाली!"

नाना कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. "कसली बॅटरी?"

"माझी, नाना. तुमच्या पलंगाखाली ठेवलेली."

"माझ्या घरात असलं काही नाही," नाना म्हणाले. "साहेबांनी खुशाल झडती घ्यावी. मी पेन्शनर माणूस. ह्या भानगडींशी माझा संबंध नाही."

हवालदार वर जाऊन आला. पलंगाखाली नुसती धूळ होती. धुळीत एक चौकोनी स्वच्छ ठसा होता, पण ठशाचा पंचनामा होत नाही.

"चला," फौजदार म्हणाला. "दोघंही."

"नाना!" चिंतामणी ओरडला. "अहो, पोराचं आयुष्य आहे!"

नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बॅटरी बोळात आहे." आवाज त्यांच्या मागून आला. नानांची नलू. सतरा-अठराची, कधी मोठ्याने न बोलणारी. "बाबांनी मागच्या खिडकीतून टाकली. पोलीस आले तेव्हा."

"आत हो, नलू."

"चुन्याच्या ढिगाऱ्यात पडली आहे. मी बघितलं."

"आत हो म्हणतो ना!"

फौजदाराने मान वर केली. "तुम्ही कुठून बघितलंत?"

"बोळातून."

एका बिऱ्हाडात स्टोव्ह चालू राहिला होता, त्याचा आवाज येत होता.

"संचारबंदीत बोळात काय करत होतात?"

नलूने कठडा धरला. चिंतामणीला खालून तिची बोटं दिसत होती. आपण बोळात का होतो हे तिने सांगितलं नसतं तरी बॅटरी सापडली असती. पण वसंता कुठे होता, ह्या प्रश्नाला उत्तर उरलं नसतं, आणि ते उत्तर जगात दोघांकडेच होतं. त्यातला एक मार खाईल पण बोलणार नाही, हे ती ओळखून होती.

"वसंताशी बोलत होते," ती म्हणाली. "जेवणं झाल्यापासून. तो गच्चीवर गेला नाही, कुठेच गेला नाही. माझ्याबरोबर होता."

"नलू, गप!" वसंता खालून ओरडला. त्या दोन शब्दांनी राहिलेली शंकाही संपली.

शिपायाने बॅटरी आणली. एका कोपऱ्याला तडा गेला होता. फौजदाराने ती स्वतः सीटखालच्या चौकटीत सरकवली. अलगद बसली, कागदभरही जागा राहिली नाही. मग म्हणाला, "पोराला सोडा." आणि चिंतामणीला, "तुम्ही जबाब द्यायला चला. ॲसिड दुसऱ्याच्या मोरीत ठेवतात का, शहाणे?"

पुढचा जमाखर्च चाळीने आपल्या पद्धतीने मांडला. चिंतामणी एक रात्र कोठडीत काढून परत आला. नोकरी राहिली, साहेबाला त्याचं नावही कळलं. पावसाळ्यानंतर सरोजिनी त्या सीटवर बसून वरळीला जाऊन आली आणि मेहुण्याने ट्रामचा विषय सोडला. नानांच्या भाषणाला काही दिवस कुणी फिरकलं नाही. पण सत्तावनच्या निवडणुकीत समितीचा प्रचार करायला भारदस्त आवाज हवा होता, तेव्हा चाळीनेच त्यांना खुर्चीवर बसवलं. वसंता गोदीत कायम झाला. राधाबाईंनी त्याच्यासाठी नलूला मागून एकदा शब्द टाकून पाहिला होता. नाना म्हणाले, जात कुठे, घर कुठे, आणि दार लावून घेतलं.

नलूला वैशाखात खांडव्याच्या एका बिजवराला दिली. मुहूर्त घाईचा होता, म्हणून मांडव घातला नाही. व्हिक्टोरिया बग्गीत बसून ती गेली तेव्हा आनंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीने दोघांना वाचवलं हो." दोघांना नव्हे, तिघांना. एक रात्र कोठडी सोडली तर चिंतामणी वाचला, वसंता वाचला, आपण घाबरून बॅटरी फेकली हे पुन्हा कुणाच्या तोंडून न ऐकता नानाही वाचले. त्या दुपारचं सगळं देणं एकट्या नलूच्या नावावर निघालं, आणि चाळीतल्या एकानेही ते आपल्याकडे वळवून घेतलं नाही.